मूठभर तांदूळ : दयेचे तुमचे अनुभव लिहा

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की मला आईचा तांदळाचा डबा आठवतो. आम्ही वसईचे. भात टाकताना आई रोज एक मूठ तांदूळ वेगळ्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवायची. तेही घरच्या मापातूनच, वरचे जास्तीचे घेऊन नाही. सहा माणसांच्या भातात मूठभर कमी पडलं की ते शेवटी जेवणारीला कळायचं, आणि शेवटी जेवायची तीच. डबा भरला की संत विन्सेंट दी पॉल संघटनेची माणसं घेऊन जात. तो कोणाच्या घरी गेला हे तिने कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

करोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या मे महिन्यात महामार्गावरून माणसं पोरंबाळं घेऊन गावाकडे चालत निघाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी चपात्या लाटल्या. शेजारच्या मुस्लिम वहिनी आमच्या ओट्यावर बसून लाटत होत्या. रमजान चालू होता. दिवसभर पाण्याचा घोट नाही आणि समोर पेटलेला तवा. त्या दिवशी मला वाटलं, आईचा डबा या ओट्यापर्यंत येऊन पोचलाय.

तुम्हीही लिहा. प्रवचन नको, तुमच्या हातून घडलेलं किंवा तुमच्यासाठी कोणी केलेलं सांगा. जिथे जमलं नाही तेही लिहा. नावं मात्र नकोत, ज्यांना मदत केली त्यांची तर मुळीच नकोत.

वाचकांनी लिहिलेले अनुभव :

मिरज, निवृत्त परिचारिका

मिशनरी वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, त्यांच्या गोष्टी ऐकत मी वाढले. पण मला खरं शिकवलं कुष्ठरोग्यांच्या वॉर्डाने.

बधिर झालेल्या पायाला घाम येत नाही. कातडी कोरडी पडते, भेगा जातात आणि खिळा घुसला तरी माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून पाय रोज पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हलक्या हाताने खरवडायची आणि पाय ओले असतानाच तेल चोळायचं. घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची. हे सगळं पेशंटला स्वतःला करता यावं म्हणून शिकवायचं, कारण घरी त्याच्या पायाला हात लावायला कोणी नसतं.

एक माळकरी आजोबा होते. पहिल्या दिवशी मी पाय धरला तर त्यांनी तो मागे ओढला. "बाई, शिवू नका." मी धरूनच ठेवला. मग भेगेतली घाण काढताना ते डोळे मिटून "विठ्ठल विठ्ठल" म्हणत राहिले. एका नव्या शिकाऊ मुलीने त्यांना सांगितलं, येशूचं नाव घ्या, बरं वाटेल. आमच्या सिस्टरनी तिला बाजूला नेलं. म्हणाल्या, "तू जखम धू. त्यांच्या तोंडातलं नाव बदलणं हे तुझं काम नाही." मी तिथेच उभी होते. इतक्या वर्षांच्या ख्रिस्ती जीवनात याहून सरळ शिकवण मला मिळालेली नाही. आषाढी एकादशीला आम्ही आजोबांसाठी साबुदाण्याची खिचडी केली. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो, तेव्हा दर वर्षी मला त्यांचीच टाच दिसते.

१९९९ मध्ये ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांचे पती आणि दोन लहान मुलगे जाळले गेले. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि पुढची काही वर्षं तिथल्या कुष्ठरोग्यांतच राहिल्या. एवढी क्षमा माझ्यात असेल असं मी म्हणू शकत नाही. मला जखम बांधता येते.

अहिल्यानगर जिल्हा

आमची पणजी दुष्काळात सापडलेली मध्य प्रांतातली पोर. १८९७ च्या सुमारास पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात आली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि मुक्तीच्या छापखान्यात मुलीच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत. पणजीही त्यातली. म्हातारपणी तिला दिसत नव्हतं, पण खिळा हातात दिला तर चाचपून अक्षर सांगायची, असं आजी सांगते. भुकेने मरायला टेकलेल्या मुलीला कोणी नुसतं जेवू घातलं नाही, तिच्या हातात अक्षर दिलं. याचा मला फार अभिमान आहे.

म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला सगळे एकत्र बसतात, पण सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?", म्हणजे आधीची जात कोणती, हा प्रश्न अजून येतो. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं. दोन्ही घरं ख्रिस्ती. बाहेरच्यांवर दया करणं आम्हाला येतं, शेजारच्या बाकावरच्या माणसाला आपलं म्हणणं राहिलंय.

श्रीरामपूरजवळची वस्ती

आम्ही हिंदू आहोत, तरी लिहितो. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला लोक पायी जातात. आजोबांपासून आमच्या घरी त्या दिवसांत दारात पाण्याचे रांजण भरून ठेवतात. आई आजारी होती त्या वर्षी आम्हाला जमलं नाही, तर ओळखीच्या ख्रिस्ती बायकांनी स्वतः रांजण भरले आणि जाताना आईसाठी प्रार्थना करून गेल्या.

वसई, एक शेतकरी

वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की मी पुढच्याला हात जोडायचो, मागच्याला जोडायचो. डावीकडच्या बाकावर भाऊ असायचा, तिकडे मान वळत नसे. आणि मी दानधर्मात पुढे! आजाऱ्यांची घरं फिरायचो, औषधं पोचवायचो. एकदा एका अंथरुणाला खिळलेल्या आजीने विचारलं, "आणि तुझा भाऊ कसा आहे रे?" मला उत्तर देता आलं नाही. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या पाचव्या अध्यायात मी कितीदा वाचलं असेल.

त्या संध्याकाळी गेलो. भावाने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. ओट्यावर दोघे गप्प बसलो. वहिनीने चहा आणला. पाण्याचं भांडण पुरतं मिटलेलं नाही. मोटर एक दिवसाआड चालवायची ठरलंय, त्यावरूनही कधी आवाज चढतो. गेल्या रविवारी तो माझ्या बाकावर येऊन बसला. माझा चष्मा घरी राहिला होता. त्याने गाण्याचं पुस्तक दोघांच्या मधे धरलं, आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने गायला लागला.