विषय: निवारागृहाची देणगी: शिलाई मशीन की कार्यकर्तीचा पगार?

प्रेषक: मंजिरी (चिटणीस)

सर्वांस सप्रेम नमस्कार,

रविवारच्या बैठकीत हा विषय अर्धवट राहिला आणि निवारागृह चालवणाऱ्या संस्थेचे पत्र येऊन आज अकरा दिवस झाले, म्हणून येथे मांडते आहे. ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या आनंदमेळ्यातून उरलेले 4,200 पौंड भारतातल्या, लैंगिक शोषणातून सुटका झालेल्या मुलींच्या निवारागृहाला द्यावेत, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. मात्र आपण देऊ केलेली वीस शिलाई मशिने संस्थेने नम्रपणे नाकारली असून, त्याऐवजी मुलींना कोर्टाच्या तारखांना घेऊन जाणाऱ्या कार्यकर्तीचा वर्षभराचा पगार आणि प्रवासखर्च आपण उचलावा, अशी विनंती केली आहे. गुरुवारपर्यंत मते कळवावीत.

---

प्रेषक: दिलीप

मंजिरी,

माझा विरोध मी बैठकीतच नोंदवला आहे. मागे गावाकडच्या शाळेला वाचनालय दिले तेव्हा कपाटे, पुस्तके आणि मंडळाच्या नावाची पाटी असे काहीतरी उभे राहिले आणि देणगीदारांना ते दाखवता आले. पगार वर्षभरात संपतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याच दारात विनंती येते. शिवाय पोक्सोखालील (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या भारतीय कायद्याखालील) खटल्यांतल्या मुलींना सोबतीसाठी सपोर्ट पर्सन देण्याची आणि त्यांच्या मानधनाची तरतूद सरकारी नियमांतच आहे, मग तो भार आपण का घ्यावा? काहीही दिले तरी गणेशोत्सवात दाखवण्यासाठी मुलींची पाच मिनिटांची चित्रफीत यावी, चेहरे धूसर केले तरी चालतील, एवढी अट ठरावात असावी. तीस वर्षे लोकांकडून वर्गणी गोळा करत आलो आहे. लोक विचारतात आणि त्यांना उत्तर द्यावे लागते.

---

प्रेषक: अनघा

दिलीपकाका,

चित्रफितीचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो आवडीनिवडीचा नाही. मुलीची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करणे हा पोक्सोच्या कलम 23 प्रमाणे आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. चेहरा धूसर केल्याने ओळख झाकली जात नाही. आवाज, हातावरचे गोंदण, खिडकीतून दिसणारी समोरच्या दुकानाची पाटी, यांपैकी काहीही पुरते. ज्याने तिला विकले तो बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस असतो आणि खटला चालू असताना तो तिला शोधत असतो. आपल्या सभागृहातल्या पडद्यावरची चित्रफीत दुसऱ्या दिवशी कोणाच्या फोनवर असेल, याची हमी आपल्यापैकी कोणीही देऊ शकत नाही.

आता पगाराबद्दल. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेत असताना मी दोन वर्षे अशा एका संस्थेत जात असे. एकदा तेथील ताईंबरोबर एका मुलीच्या तारखेला गेले होते. ताईंच्या पिशवीत पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा, मुलीसाठी कपड्यांचा एक जादा जोड आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात समन्सची झेरॉक्स होती. बाहेर बाकावर बसलो असताना आरोपीच्या घरचे चौघे जण समोर येऊन उभे राहिले, तेव्हा ताई काहीही न बोलता उठल्या आणि मुलीच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून, तिला डबा भरवत बसल्या. साक्षीच्या वेळी आरोपी मुलीच्या नजरेस पडू नये, असे कायदा सांगतो. परंतु बाहेरच्या व्हरांड्यात कायदा नव्हता, ताई होत्या. दुपारी कळले की न्यायाधीशसाहेब रजेवर आहेत आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे. परतीच्या एसटीत त्या मुलीने एकच प्रश्न विचारला, "पुढच्या वेळी तुम्हीच याल ना?"

न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून शक्यतो एका वर्षात खटला संपवावा, असे पोक्सोचे कलम 35 म्हणते. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि दर वेळी सोबतीला नवा चेहरा आला तर मुलगी साक्षीच्या आधीच खचते. सरकारी मानधनाची तरतूद कागदावर आहे हे काकांचे म्हणणे बरोबर आहे. पण ते वेळेवर हाती न आल्यामुळे मागची कार्यकर्ती सोडून गेली, असे पत्राच्या दुसऱ्या पानावर संस्थेने लिहिले आहे. कृपया ते पान वाचावे.

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

पगार की मशीन हे समितीने ठरवावे. पैसे कसे जातील एवढेच मी सांगतो, कारण सही माझी असते.

मंडळ ही परदेशी संस्था असल्यामुळे आपली देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याप्रमाणे विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरते. संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी आहे आणि ती चालू आहे, हे प्रमाणपत्र पाहून मी खात्री केली आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील त्यांच्या खात्यातच जमा व्हावी लागते. मुंबईतल्या मोठ्या संस्थेला द्यावे आणि तिने पुढे लहान संस्थेला द्यावे, ही जुनी पद्धत त्याच दुरुस्तीने बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. डॉक्टर किंवा शिक्षकांसारख्या प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांचे पगार त्या मर्यादेत धरले जात नाहीत. आपल्या कार्यकर्तीचा पगारही त्याच प्रकारात बसतो, असे संस्थेच्या लेखापालांनी लेखी द्यावे, अशी माझी मागणी आहे.

---

प्रेषक: सुहास

श्रीकांत,

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे आणि अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. मंडळाने रक्कम माझ्या खात्यात भरावी, मी पुढे पाठवतो. शिवाय गिफ्ट एडचे, म्हणजे देणगीवर इथले सरकार देते त्या करपरताव्याचे, पौंडामागे 25 पेन्सही मिळवता येतील.

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

सुहास,

तुझा हेतू चांगला आहे, पण मंडळाचे पैसे तुझ्या खात्यातून गेल्याने ते तुझी बचत होत नाहीत. उद्या तपासणी झाली तर नोंदणी आपली नव्हे, त्या संस्थेची जाईल आणि घर मुलींचे बंद पडेल. स्वतःच्या पगारातून अवश्य दे. ती सवलत तुझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाच आहे, आमच्यासारख्या ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीय) मंडळींना नाही. मेळ्यातली रक्कम वडापाव आणि तिकिटांच्या विक्रीची असल्यामुळे तिच्यावर गिफ्ट एड लागू होत नाही, हे मी गेल्या वर्षीही लिहिले होते.

---

प्रेषक: उषा

मंजिरीस आशीर्वाद.

निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात मी देशात जाते, तेव्हा एका निवारागृहात शिवण शिकवायला बसत असे. तेथे कोणीतरी प्रेमाने दिलेली सात मशिने भिंतीला लागून, जुन्या चादरी पांघरून उभी होती. शिकवणाऱ्या बाईंचा पगार थांबल्यावर मशिनेही थांबली होती. चादर काढली तर बॉबिनला गंज चढलेला. दिलीपराव, पाटी मात्र शाबूत होती, म्हणून हे आपल्याला मुद्दाम लिहिते.

सोबतीच्या माणसाचे मोल मुंबईला नवीन नाही. छाप्यात सापडलेल्या मुलींना सोडवायला पूर्वी कुंटणखान्याच्या मालकानेच दिलेला वकील येऊन उभा राहत असे. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' या संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 2002 मध्ये न्यायालयाने सांगितले की अशी अल्पवयीन मुलगी गुन्हेगार नसून काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, तिला बाल कल्याण समितीपुढे न्यावे आणि मालक-दलालांच्या वकिलाने तिच्या वतीने उभे राहू नये. तो खोटा पाठीराखा दूर झाला, पण त्याच्या जागी खरा माणूस उभा करायला कोणीतरी पैसे द्यायलाच हवेत.

आणखी एक. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलीला बालगृह सोडावे लागते. त्यानंतर 21 व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहानंतरच्या देखभालीची, सोय कायद्यात आहे, पण जागा थोड्या आहेत, आणि खटला तर बहुधा तेव्हाही चालूच असतो. म्हणून कार्यकर्तीने बालगृहातून गेलेल्या मुलींच्या तारखांनाही जावे, एवढे ठरावात असावे. आणि निदान दोन वर्षांचे वचन द्यावे, ही माझी विनंती. दुसऱ्या वर्षासाठी माझ्याकडून 500 पौंड धरा.

---

प्रेषक: दिलीप

उषावहिनी,

त्या सात मशिनांचे मला माहीत नव्हते. चित्रफितीची अट मी मागे घेतो. पैशाचे काय झाले हे लोकांना सांगता यायला हवे, यावर मात्र मी ठाम आहे. दर तीन महिन्यांनी कार्यकर्ती किती तारखांना सोबत गेली, किती साक्षी झाल्या आणि किती तारखा पुढे ढकलल्या गेल्या, एवढे आकडे, नाव-गाव वगळून, संस्थेने कळवावेत. उत्सवात ते मी स्वतः वाचून दाखवीन. दुसऱ्या वर्षाची वर्गणी गोळा करण्याचे कामही माझ्याकडे द्यावे.

---

प्रेषक: मंजिरी (चिटणीस)

सर्वांचे आभार. सुधारित मसुदा असा: "4,200 पौंड कार्यकर्तीचा पगार व प्रवास यांसाठी, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलींच्या तारखांसह, दुसऱ्या वर्षाची तजवीज मंडळ करील, त्रैमासिक आकडे नावांशिवाय, छायाचित्र व चित्रफीत नाही." अनघाताई, शेवटच्या वाक्यात 'ध्वनिमुद्रणही नाही' असे घालावे का, ते आज रात्री कळवावे. श्रीकांत, लेखापालांचे पत्र आले की गुरुवारी सही करूया.