गल्ली ६ मीटरची आणि मागे १२ मजल्यांचे ३ टॉवर, रस्ता कुठून?

गल्लीतला_शेवटचा_बंगला
नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात कोंढवा बुद्रुकच्या आतल्या भागात राहतो, २२ वर्षं झाली. गल्ली जेमतेम ६ मीटर, दोन्ही बाजूला बंगले आणि दोन तीनमजली सोसायट्या, शेवटी गल्ली बंद. म्हणजे होती बंद. मागच्या शेतात आता १२ मजली ३ टॉवर येतायत, बिल्डरने दिवाळीनंतर शेवटची भिंत पाडून तिथे पत्र्याचं गेट लावलं आणि तेव्हापासून डंपर, आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर सगळं आमच्या दारावरून. सकाळी स्कूलबस आणि मिक्सर समोरासमोर आले की कोणीच मागे घेत नाही, परवा पाऊण तास असाच गेला. १८० फ्लॅट आहेत म्हणे, उद्या तिथली माणसं राहायला आली की काय होईल? साइटवर विचारलं तर "काका परमिशन आहे" एवढंच. कोणाकडे दाद मागायची आणि कागद कुठले बघायचे?

नकाशावाला
काका आधी भांडू नका, आधी मंजूर नकाशा बघा. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की लेआउट आणि सीसी (बांधकामाचा परवाना) दोन्ही मिळतं, बाहेरच्या बोर्डावर नंबर असतोच. त्यात फक्त एकच गोष्ट शोधायची, प्लॉटला रस्ता कुठल्या बाजूने दाखवलाय आणि किती रुंदीचा.
हे का म्हणतोय तर २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, सगळा खेळ रस्त्याच्या रुंदीवर आहे. ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जास्तीचं बांधकाम) नाही, टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही, मूळ १.१ वर, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकामावर, गप्प बसायचं. आणि १२ मजले म्हणजे उंच इमारत, तिला दाट वस्तीबाहेर समोर १२ मीटर रस्ता लागतो, कारण फायर ब्रिगेडची गाडी आत वळली पाहिजे. त्यामुळे तुमच्या ६ मीटरच्या गल्लीवर हा नकाशा पास झाला असेल असं मला तरी वाटत नाही. रस्ता दुसरीकडून दाखवला असणार, बघा आणि सांगा.
अजून एक, एकूण बांधकाम २०,००० चौ.मी.च्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, त्या अर्जात वाहतुकीबद्दल लिहावं लागतं. परिवेश पोर्टलवर सापडेल.

बुकिंग_केलेला
राग मानू नका पण मी अशाच एका प्रोजेक्टमध्ये फ्लॅट घेतलाय, तुमचा बंगला झाला तेव्हा पण तिथे शेतच होतं ना? आम्ही काय हवेतून यायचं का. होम लोनचा हप्ता चालू आहे, वर घरभाडं, आणि शेजारचे लोक गेटसमोर मुद्दाम गाड्या लावतात. बिल्डरचा राग आमच्यावर कशाला.

कात्रजकर
बुकिंगवाले भाऊ तुमचंही खरंय. पण आमच्या भागाची गंमत अशी आहे की इमारत आधी आणि रस्ता मागून, तोही आला तर. १९९७ ला २३ गावं मनपात आली, नकाशावर रस्त्यांच्या रेघा पडल्या, त्यातल्या कितीतरी रेघांवर अजून गोठे आणि नर्सऱ्या आहेत. कात्रज-कोंढवा रस्ताच बघा, ८४ मीटरचा आखला, २०१८ ला काम सुरू केलं, भूसंपादनाला पैसे पुरेनात म्हणून ५० मीटरवर आणला. मेन रोडची ही तऱ्हा तर आतल्या १२ मीटरवाल्याला कोण विचारतो.
आणि काका एक सांभाळा, चुकूनही अर्जात "आमची गल्ली रुंद करा" लिहू नका. २०२० ला मनपाने ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आणला होता, आठवतंय का? दोन्हीकडून दीड दीड मीटर म्हणजे तुमचं कंपाऊंड आणि पार्किंग गेलं.

गल्लीतला_शेवटचा_बंगला
नकाशावाले, तुम्ही म्हणालात तेच निघालं!! मेन गेट मागच्या बाजूला दाखवलंय, १२ मीटर डीपी रोडवर (मनपाच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ता). मुलगा आणि मी काल तिकडे चालत जाऊन आलो, रस्ता वगैरे काही नाही, एक गोठा, थोडं गवत आणि महावितरणची डीपी (विजेची पेटी). म्हणजे डीपी आहे, रोड नाही 😄 आमच्या बाजूला नकाशात गेटच नाही, सलग कंपाऊंड भिंत दाखवलीये. टेप लावून गल्ली पण मोजली, देवळापाशी ५.४ मीटरच भरते.

नकाशावाला
मग काम सोपं झालं. गल्ली कोणाच्या नावावर आहे ते आधी काढा, मनपाकडे हस्तांतरित झालेली की अजून लेआउटमधलीच खासगी. खासगी असेल तर भिंत परत बांधायचा हट्ट धरता येतो. त्या शेताची जुनी वहिवाट (जायची-यायची वाट) होती असं ते म्हणतील, पण बैलगाडीच्या वहिवाटीवर १८० फ्लॅटचा बोजा टाकता येत नाही, ईझमेंट (वहिवाटीच्या हक्काच्या) कायद्यात जास्तीचा भार चालत नाही. यासाठी मात्र वकील लागेल.
मनपाची असेल तर बांधकाम परवानगी विभागाला लेखी द्या की मंजूर नकाशात नसलेलं गेट वापरात आहे, फोटो जोडा, पोच घ्या. त्याच अर्जात लिहा की डीपी रोड जागेवर झाल्याशिवाय भोगवटा पत्र (लोकांना राहायला येऊ देण्याची परवानगी) देऊ नये. एकदा भोगवटा मिळाला की विषय संपला. मिक्सरच्या वेळेसाठी वाहतूक शाखेला वेगळा अर्ज, दोन्ही एकात घालू नका, फाइल इकडून तिकडे फिरत बसते.

बुकिंग_केलेला
हे वाचून मी पण आमचा नकाशा उघडला. आमचंही गेट १८ मीटर रोडवर दाखवलंय आणि आम्ही साइट बघायला एका बोळातून जातो. सेल्सवाल्याने "टेम्पररी अॅक्सेस" सांगितलं होतं. काका अर्जाचा नमुना टाका ना इथे, मला पण लागणार.

गल्लीतला_शेवटचा_बंगला
टाकतो. रविवारी गल्लीची मीटिंग आहे, सह्या झाल्या की टाकतो. तीन घरं अजून सही द्यायला तयार नाहीत, त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायचीये म्हणे आणि त्यांना गल्ली ९ मीटर झालेलीच हवीये.