मदत हवी आहे: ओला चोथा सुरू केल्यापासून फॅट लागेना

पलूस_गोठा: बिअरच्या कारखान्यातला ओला चोथा घालतोय, पेंड परवडेना म्हणून. दुधाची फॅट ३.८ टक्क्यांवरून ३.१ वर आली, शेण पातळ. डेअरीत रोज दर कापतायत. लवकर सांगा.

जतचा_दादा: गायी का म्हशी? किती घालता? किती दिवस झाले?

पलूस_गोठा: ४ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायी. पाटीनं घालतो, गाईला २० किलो असेल. तीन आठवडे झाले.

मिरज_अण्णा: बंद करा. कारखान्यातलं उरलंसुरलं घालायचंच कशाला? आम्ही पहिल्यापासून सरकी पेंडच घालतो.

कडेगावकर: अण्णा, सरकी पेंड तरी काय, तेल काढून उरलेलीच. भुसा, चुणी, मळी सगळं त्यातलंच. चोथ्यात प्रथिनं चांगली असतात, पण १०० किलोत ७५-८० किलो पाणीच. तो थोड्या पेंडीची जागा घेतो, वैरणीची नाही. पलूसवाले, कडबा किती घालता?

शेळीपालन_वाई: अझोला (पाण्यावर वाढणारी वनस्पती) करा. माझ्या शेळ्या आवडीनं खातात.

पलूस_गोठा: कडबा बंद केलाय, महाग झाला. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आहे.

कडेगावकर: हे आधी सांगायचं ओ! कोरडी वैरण नसली की गाय रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते, पोटात आम्ल वाढतं, फॅट पडते. दुपारी बघा, बसलेल्या गायींतल्या निम्म्या तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. चोथा १० किलोवर आणा, कडबा सुरू करा. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि चोथ्यातही कॅल्शियम कमीच, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका.

तासगाव_२०म्हशी: टेम्पोवाल्याचा नंबर मिळेल का?

जतचा_दादा: साठवता कसा? उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो.

पलूस_गोठा: टेम्पो आठवड्याला येतो. शेडमागं उघड्या खड्ड्यात. वर पांढरं येतं ते काढून खालचा घालतो. एक गाय ७ महिन्यांची गाभण आहे, तिलाही तोच.

जतचा_दादा: अहो, तिचा आत्ताच बंद करा, डॉक्टरांना दाखवा! बुरशी वर दिसते, पण विष खालीही उतरलेलं असतं. सगळा उकिरड्यात टाका. पुढचा आला त्याच दिवशी मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याच्या) पिशवीत दाबून, हवा काढून बांधा.

मिरज_अण्णा: मी म्हणलं होतं.

पलूस_गोठा: खड्डा रिकामा केला. कडब्याच्या ५० पेंढ्या उधारीवर आणल्या. डॉक्टर संध्याकाळी येतायत. गाभण गाय आत्ता बसलीय, जबडा हलतोय.