मदत हवी आहे: दूरचे डोंगर मागे सरकतच नाहीत

जलरंगात डोंगररांगांचं चित्र करतेय. पहाटेची शांतता हवी आहे, पण सगळं चित्र एकसारखं निळं आणि निर्जीव झालंय. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून लांबचे डोंगर फिकट निळसर दिसतात, हे ठाऊक आहे. त्यासाठी अल्ट्रामरीन या गडद निळ्यात किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून करडा केला, पाणीही वाढवलं. तरी मागची रांग पुढच्याइतकीच ठळक दिसते. कडा ओल्या कागदावरच विरघळू द्यायच्या का?

आणि उन्हाची ऊब फक्त आकाशात ठेवू, की पुढच्या खडकांवरही गेरूची छटा देऊ? ती अगदी हळुवार हवी आहे. केशरी जरा भडक झाला की पहाटेची संध्याकाळ होते. कुणी असं चित्र केलं असेल तर रंग कोणत्या क्रमाने लावले ते सांगाल का?