मदत हवी आहे: पंप चालू ठेवायचा की उघडायचा, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

बडोद्याजवळ नंदेसरीत एका मध्यम केमिकल प्लांटमध्ये मी मेंटेनन्स बघतो. कूलिंग वॉटरचे तीन सेंट्रिफ्युगल पंप आहेत, दोन चालू, एक स्टँडबाय. ओव्हरहॉलची (पंप उघडून झिजलेले भाग बदलण्याची) तारीख आली की प्रॉडक्शनकडून उत्तर येतं, "चाले छे ने!" (चालतोय ना!) आणि तारीख पुढे जाते.

एक मोटर ७५ किलोवॅट खेचते. वर्षाला ८,००० तास धरले तर ६ लाख युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी ४८ लाख. पंपाच्या फिरत्या चाकाभोवतीची वेअर रिंग झिजून फट वाढली की पाणी डिलिव्हरीकडून (बाहेर जाण्याच्या बाजूने) आतल्या आत सक्शनकडे (आत येण्याच्या बाजूला) परत फिरतं आणि तेवढंच पाणी पुढे द्यायला वीज जास्त लागते. खप एका टक्क्याने वाढला तरी वर्षाला ४८ हजार गेले. ते वीजबिलात बुडतात, कोणाला दिसत नाहीत. ओव्हरहॉलचे दीड लाख मात्र माझ्या बजेटमध्ये ठळक दिसतात. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण कारखान्याचा पैसा एकच आहे.

व्हायब्रेशनची, म्हणजे पंपाच्या थरथरीची, नोंद आम्ही दर महिन्याला घेतो. पण त्यात बेअरिंग आणि अलाइनमेंट (मोटर-पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत का) कळतं. रिंग झिजली तरी पंप शांतपणे फिरत राहतो. उगाच उघडायलाही मी तयार नाही. चांगला बसलेला पंप उघडला की नवं सील, नवी जुळणी, आणि बिघाड बरेचदा जोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच येतात.

तर ओव्हरहॉलची योग्य वेळ रुपयांत मांडता येते का? वरच्यांना आकड्याशिवाय पटत नाही. आणखी एक, स्टँडबाय पंप महिनोन्‌महिने बंद असतो. तो आलटून पालटून चालवावा का?

प्रतिसाद १

मांडता येते. ओव्हरहॉलनंतर विजेचा जादा खर्च दरमहा साधारण सारख्या रकमेने वाढतो असं धरा. ओव्हरहॉलच्या खर्चाची दुप्पट करा, त्याला त्या मासिक वाढीने भागा आणि वर्गमूळ काढा. तेवढ्या महिन्यांनी उघडणं सगळ्यात स्वस्त. तुमचे दीड लाख आणि समजा महिन्याला ३,००० ची वाढ: ३,००,००० भागिले ३,०००, म्हणजे १००, वर्गमूळ १० महिने. तेव्हा सरासरी खर्च महिन्याला ३०,००० पडतो. ५ महिन्यांनी उघडला किंवा २० महिने ताणला, दोन्हीकडे ३७,५००. प्रॉडक्शनला हेच तीन आकडे दाखवा, घाई आणि उशीर दोन्हींची किंमत त्यात आहे. अचानक बंद पडण्याचं नुकसान यात धरलेलं नाही, ते वेगळं मांडा.

स्टँडबाय नक्की चालवा. शेजारच्या पंपांच्या थरथरीने थांबलेल्या बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या ज्या कड्यावर फिरतात त्यावर) एकाच जागी खुणा पडतात. चालवणं जमतच नसेल तर निदान आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवा.

धागाकर्ता

मनापासून आभार, हे वर नेता येईल. पण आमच्या लाइनवर फ्लोमीटरच नाही. मासिक वाढ काढू कशी?

प्रतिसाद १

क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने आणा. पाइपवर बाहेरून बसतो, लाइन बंद करावी लागत नाही. प्रवाह, दोन्हीकडचं प्रेशर आणि मोटरचे किलोवॅट एकाच वेळी नोंदवा. व्हॉल्व्हची स्थिती दरवेळी तीच ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही. पहिली नोंद ओव्हरहॉल झाल्या झाल्या घ्या.