२६/११ नंतरची वर्षे: रोजच्या जगण्यात काय बदलले?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि २९ तारखेच्या सकाळी ताजमधील कारवाई संपेपर्यंत १६६ जणांचे प्राण गेले. त्या दिवसांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. म्हणून चर्चेच्या या धाग्याचे निमंत्रण देताना मी एकच विनंती केली होती, की त्या रात्रीविषयी न लिहिता पुढच्या वर्षांविषयी लिहावे. सरकारी पातळीवरचे बदल कागदोपत्री सापडतात. डिसेंबर २००८ मध्येच संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संमत केला आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) अधिक कडक केला. पुढे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र मुंबईत आले आणि राज्याने फोर्स वन हे स्वतःचे पथक उभारले. मात्र शेजारी, सहप्रवासी, घरमालक आणि गिऱ्हाईक म्हणून आपण एकमेकांशी कसे वागू लागलो, याची नोंद कोणत्याही अहवालात नीट झालेली नाही. ती इथे व्हावी, असे मला मनापासून वाटते. लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

मच्छीमार कुटुंबातील महिला, दक्षिण मुंबई

हल्लेखोरांची रबरी होडी आमच्या वस्तीच्या किनाऱ्यालाच लागली. खांद्यावर जड पिशव्या घेतलेल्या त्या अनोळखी पोरांना आमच्यातल्या काहींनी हटकलेही होते, पण त्यांनी उडवून लावले. नंतर जो तो किनाऱ्याकडे बोट दाखवू लागला. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून हल्लेखोर आले आणि तिच्यावरचा तांडेल (नौकेचा प्रमुख) व खलाशी त्यांनी मारून टाकले, म्हणजे या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते, ही गोष्ट फार लवकर विस्मरणात गेली.

त्यानंतर आमच्या धंद्यात कागद शिरला. खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, नौकांना राज्यागणिक रंग ठरले, बंदरातून निघताना आणि परतताना नोंद देणे आले. हे सारे गरजेचे आहे, याविषयी आमच्या घरात दुमत नाही. पण आमचे खलाशी दुसऱ्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून येतात; त्यांच्या पत्त्याचा एखादा कागद जुळला नाही की अर्ज माघारी येतो. नारळी पौर्णिमा होऊन बाकीच्या नौका दर्यात गेल्या तरी आमची नौका माणसांअभावी बंदरात उभी आहे, असे हंगाम आम्ही काढले आहेत. रात्री गस्तीची बोट जवळ आली की तिचा झोत आधी नंबरावर आणि मग एकेकाच्या तोंडावर फिरतो. ओळखपत्र ओले होऊ नये म्हणून माझे यजमान ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बनियनच्या आत गळ्यात बांधतात. नव्या पोरांना जाळे ओढायला शिकवण्याआधी ते ही गाठ मारायला शिकवतात.

एक मात्र चांगले झाले. ‘सागर कवच’ या किनारी सुरक्षेच्या सरावात पोलिसांची माणसे घुसखोर बनून येतात, तेव्हा त्यांना आधी वस्तीतली माणसे ओळखतात, असे आता पुष्कळदा घडते. आम्हाला नुसते तपासून न सोडता आमचे ऐकलेही जावे, एवढी मागणी त्यातून थोडी तरी पूर्ण झाली.

कल्याणहून रोज येणारी प्रवासी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर (तेव्हाचे सीएसटी) हल्ल्यानंतर मेटल डिटेक्टरच्या चौकटी उभ्या राहिल्या आणि वाळूच्या पोत्यांआड जवान आले. गर्दीच्या वेळी त्या चौकटी प्रत्येकालाच वाजतात, त्यामुळे कोणाला थांबवायचे हा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीला टेबलाशी बसलेल्या पोलीस ताई डबा उघडायला लावत. नंतर पिशवी वरून दाबून बघू लागल्या. पुढे नुसती मान हलवू लागल्या. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण लाखो माणसांची झडती घेऊन हे स्थानक चालूच शकत नाही.

खरा बदल डब्यात झाला. फळीवर पिशवी ठेवून कोणी दाराकडे सरकले, की चार जणी एकदम विचारतात, “ही बॅग कोणाची?” जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर हे सुरू झाले होते, २००८ नंतर ते अंगवळणी पडले. मी हा प्रश्न नव्या मुलींनाही विचारताना ऐकते, ज्या त्या वेळी शाळेतही गेल्या नसतील. चौकटींपेक्षा माझा या प्रश्नावर अधिक विश्वास आहे.

शिक्षक, पूर्व उपनगर

मी मुसलमान आहे आणि मराठी शिकवतो. हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बकरी ईद आली. आमच्यापैकी अनेकांनी दंडाला काळ्या फिती लावून नमाज अदा केली. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास मुंबईतल्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. त्यांचे मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारात राहिले आणि २०१० च्या जानेवारीत सरकारने गुपचूप त्यांचे दफन केले. सीएसटीवर गोळ्या लागून मेलेल्यांत आमच्या समाजाचीही अनेक माणसे होती. या तिन्ही गोष्टी ठाऊक असलेला मनुष्य मला क्वचितच भेटतो, आणि याचे मला आजही दुःख होते.

माझ्या वाट्याला आलेला बदल घराच्या शोधात दिसला. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा नियम सर्वांना सारखा आहे आणि मी तो आनंदाने पाळतो. पण त्या नियमाचा आधार घेऊन नाव ऐकताच दार बंद करणे अतिशय सोपे झाले. पूर्वीही हे होत होते, हे मला मान्य आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईची वस्ती कशी विभागली गेली, हे माझ्या वडिलांनी पाहिले आहे. फरक इतकाच, की पूर्वी लोक नकार देताना चाचरत, आता “सोसायटीचा नियम आहे” असे ठामपणे सांगतात. एका जागेसाठी दलालाने फोनवर सगळे ठरवले, अनामत रक्कम सांगितली, किल्ली घ्यायला या म्हणाला. करारासाठी पूर्ण नाव कळवल्यावर दुपारी त्याचाच निरोप आला, की मालकांचा विचार बदलला. त्याच्या आवाजात द्वेष नव्हता, अवघडलेपण होते. मी त्याला धीर दिला आणि पुढच्या जागेचा पत्ता घेतला.

शेवटी घर मिळाले ते शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंमुळे. त्या स्वतः घरमालकांकडे गेल्या आणि “सर माझ्या घरचे आहेत, जामीन मी राहते,” असे म्हणाल्या. असा जामीन प्रत्येकाला मिळत नाही. माझ्या वर्गातली मुले हुशार आहेत, उद्या त्यांना नोकरीसाठी या शहरातच घर शोधायचे आहे, आणि त्यांना कोणाच्या शब्दाची गरज पडू नये, ही माझी खरी तळमळ आहे.

पोलीस कुटुंबातील सदस्य

सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याजवळ गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर फक्त लाठी होती, आणि तरीही त्यांनी कसाबची (जिवंत पकडल्या गेलेल्या एकमेव हल्लेखोराची) बंदूक सोडली नाही. त्यानंतर चांगली शस्त्रे आली, बुलेटप्रूफ जाकिटे आली, २०१६ पर्यंत शहरात हजारो कॅमेरे लागले. पहिले काही महिने नाकाबंदीवर लोक आपणहून पाणी आणून देत. तो जिव्हाळा ओसरला. ड्युटीचे तास, वसाहतीतल्या गळक्या खोल्या आणि वरिष्ठांसमोर न बोलण्याची सवय मात्र तशीच राहिली. माझ्या मते शहराने पोलिसांच्या हौतात्म्याचा आदर केला, त्यांच्या रोजच्या नोकरीकडे मात्र पाहिले नाही.

वृत्तवाहिनीतील माजी कर्मचारी

आमचे थेट प्रक्षेपण हल्लेखोरांच्या सूत्रधारांच्या उपयोगी पडत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना याबद्दल कठोर शब्दांत फटकारले, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमानेच बंदी आली. हा बदल मला निःसंशय चांगला वाटतो. पण आता तीच दृश्ये प्रत्येकाच्या मोबाईलवरून पसरू शकतात, आणि त्या मोबाईलला संपादक नाही.

जुलै २००६ मध्ये जखमी झालेल्या प्रवाशाचा भाऊ

धागा २६/११ विषयी आहे हे जाणून लिहितो आहे, कारण आमच्या वाट्याला आलेला बदल त्याच्याशी जोडलेला आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. दोनच वर्षांनी २६/११ घडले आणि आमचा दिवस मागे पडला. तिकडे कसाबला नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी झाली, एप्रिल २०२५ मध्ये त्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणले गेले. इकडे २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितले. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र धाडले नाही.

लोक मला विचारतात, की निकाल ऐकून राग आला का. सुटलेल्यांचा मला राग येत नाही. ते निर्दोष असतील, तर त्यांच्या आयुष्याची एकोणीस वर्षे गेली आणि माझ्या भावाच्या डब्यात बॉम्ब ठेवणारे तेवढीच वर्षे मोकळे फिरले. या दोन्ही कुटुंबांचे नुकसान एकाच तपासाने केले आहे. भाऊ आता एका कानाने ऐकतो, गर्दीची गाडी सोडतो आणि कामावर जातो. त्याला दरवर्षीचा सत्कार नको आहे. तपास मुळापासून पुन्हा व्हावा आणि त्याची जबानी कोणीतरी नव्याने नोंदवून घ्यावी, यासाठी आम्ही अर्ज तयार करतो आहोत. या धाग्यावर त्या दिवसाचे आणखी कोणी प्रवासी असतील, तर त्यांनी आमच्याबरोबर सही करावी.