स्पीडपेक्षा डिस्कचा प्रकार बघा
'बर्न करताना (म्हणजे कॉम्प्युटरवरून सीडीवर गाणी लिहिताना) स्पीड कमी ठेवा, गाडीत सीडी चालतेच' असं काही जण सांगतात, ते अर्धंच पटलं. डिस्क सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) असेल तर स्पीड कितीही उतरवा, बरेच जुने कार स्टिरिओ तिला ओळखतच नाहीत. कारण परावर्तनात आहे. कंपनीत छापलेली सीडी लेसरचा निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) ६५ च्या आसपास, आणि आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५. जुन्या प्लेअरचा सेन्सर एवढ्या फिक्या प्रकाशासाठी बनवलेलाच नसतो. म्हणून गाडीसाठी साधी सीडी-आरच घ्या आणि शेवटी फायनलाइज करायला, म्हणजे लिहिणं संपवून डिस्क बंद करायला विसरू नका.

अजून एक, मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांसाठी. ऑडिओ सीडी 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीने (एकेक ट्रॅक वेगळा) लिहिली की दोन ट्रॅकमध्ये साधारण २ सेकंदांची शांतता येते. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तो खंड फार खुपतो, सगळा रंग जातो. सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क ॲट वन्स' (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा आणि गॅप शून्य ठेवा. कागदी लेबल मात्र अजिबात चिकटवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत ते सुटतं आणि डिस्क आतच अडकते.